उगवतीच्या बाजूची खिडकी

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

साडेदहाला आडवा होतोस, पण एक वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी सहा वीसची एसटी चुकली की आई आळशी म्हणते. तू आळशी नाहीस. हे वाक्य आधी तिला वाचून दाखव.

वयात येताना शरीराचं घड्याळच उशिरा चालायला लागतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा पाझरतं. तुझ्या बाबांना विचार, समुद्राची भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. माणसाचं आतलं घड्याळही असंच, 24 तासांपेक्षा किंचित लांब. सकाळचा उजेड त्याला रोज जागेवर आणतो. तो मिळाला नाही आणि रात्री डोळ्यांसमोर मोबाइल असला, की ते सरकतच राहतं.

तुझ्या वयाला 8 ते 10 तास झोप लागते. सहा वीसच्या गाडीत हा हिशोब बसत नाही, आणि तो दोष तुझा नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 सालीच सांगितलं, की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. आपल्याकडे 2024 मध्ये सकाळी नऊची सूचना निघाली, पण चौथीपर्यंतच्या पोरांसाठी. ज्यांचं घड्याळ खरं सरकलेलं, ते अकरावीवाले राहिले बाजूलाच! मीसुद्धा पहिल्या तासाला पेंगणाऱ्या एका मुलाला वर्षभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. तो अपुऱ्या झोपेपायी पेंगतोय, हे मला तेव्हा सुचलं नाही.

असो. रात्रीच्या मागे लागू नकोस, सकाळ धर. झोप हुकमाने येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. एसटीत उगवतीच्या बाजूची खिडकी पकड, मोबाइल खिशात ठेव आणि डोळ्यांवर उजेड येऊ दे. रविवारी बारापर्यंत लोळतोस ना, तिथेच सगळं फिसकटतं. सोमवारी रात्री पुन्हा एक वाजतो. रविवारी रोजच्यापेक्षा फार तर तासभर उशिरा ऊठ. दुपारी पेंग आली तर वीस मिनिटं पडवीत आडवा हो, पण चारच्या आत. जत्रेतला दशावतार पहाटेपर्यंत बघितलास तर मी रागावणार नाही, तो वर्षातून एकदाच.

क्लासहून आल्यावरचा चहा बंद. पाच-सहा तासांनंतरही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत राहू नकोस. उठून मंद दिव्यात बस, जांभई आली की परत जा. मोबाइल माजघरात चार्जिंगला लाव. गजरासाठी लागतो म्हणशील, तर जुनं गजराचं घड्याळ माझ्याकडे पडून आहे.

एक मात्र लपवू नकोस. झोपेत घोरताना श्वास अडतो असं कुणी सांगितलं, किंवा मन सतत खिन्न राहून झोप उडत असेल, तर हे उपाय पुरणार नाहीत, डॉक्टरांकडे जायचं. मनाचं बोलायला 14416 हा टेली मानसचा नंबर आहे, फुकट, रात्रीसुद्धा.

या रविवारी सातला जेटीवर ये. घड्याळ घेऊन येतो, चहाही पाजतो. सकाळचा आहे, चालेल.

तुझा,
सर