मीठ विरघळलं की भोक उरतं

प्रश्न : आईच्या खुब्याचा सांधा बदलायचा आहे. डॉक्टरांनी टायटॅनियमची वाटी दाखवली. आतून गुळगुळीत, बाहेरून मात्र टाच घासायच्या वज्रीसारखी भोकाभोकांची! इतकी बारीक भोकं पाडतात कशी? आणि त्याने धातू कमजोर नाही का होत?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : पाडत नाहीत, ताई. ड्रिलने सरळ भोक पडेल. इथे भोकं आतल्या आत एकमेकांना जोडलेली लागतात, तरच हाड आणि रक्तवाहिन्या आत शिरतात. अनारशाची जाळी एकाच अंगाला असते, ती इथे कामाची नाही. भोक साधारण 300 ते 600 मायक्रॉनचं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात आम्ही असे चाचणीचे तुकडे करायचो (रुग्णासाठी नव्हेत). टायटॅनियमच्या भुकटीत चाळलेलं मीठ कालवायचं, साच्यात दाबायचं, पाण्यात ठेवून मीठ काढायचं. मग निर्वात भट्टीत 1200 अंशांच्या वर भाजायचं. टायटॅनियम 1668 अंशांना वितळतं, त्यामुळे कण फक्त एकमेकांना चिकटतात आणि मिठाच्या जागा मोकळ्या राहतात. हवा लागली तर धातू ऑक्सिजन पिऊन ठिसूळ होतो, म्हणून निर्वात.

एकदा घाई नडली. तुकडा वरून धुतलेला दिसला, वाळवून वजन न करताच मी भट्टीत सरकवला. पोटात मीठ होतं. त्याची वाफ भट्टीच्या पत्र्यांवर पांढरी बसली, तुकडा नखाने कुस्करला आणि साहेबांनी पत्रे मलाच घासायला लावले. तेव्हापासून वाळवून केलेली लागोपाठची दोन वजनं सारखी येईपर्यंत पाणी बदलत राहायचं, हा माझा नेम.

आता बरंच काम लेझर किंवा इलेक्ट्रॉन झोताने होतं. भुकटीचा थर पसरायचा, हवं तेवढंच वितळवायचं, पुन्हा थर. तिथे मिठाऐवजी अडकलेली भुकटी झटकून काढण्याची कटकट.

आता कमजोरी. जाळीचा धातू भरीवपेक्षा कमजोर असतोच, पण थोडी लवचीकता हवीच असते. भरीव टायटॅनियमचा ताठपणा सुमारे 110 गिगापास्कल, हाडाच्या कठीण कवचाचा 15 ते 20च्या घरात. फार ताठ धातू सगळा भार स्वतःच उचलतो, मग शेजारचं हाड रिकामटेकडं होऊन विरळ होतं. शिवाय जाळी सहसा बाहेरच्या थरातच असते. वाटी आधी ठोकून घट्ट बसवतात, हाड भोकांत भरायला पुढे आठवडे-महिने जातात. तोवर पायावर किती भार द्यायचा, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आई ऐकणाऱ्यातल्या नसतील तर दोनदा.