विलोचं कुंपण, कौन्सिलचं पत्र आणि शेजारचं डेकिंग

प्रश्न (थोडक्यात): इंग्लंडात रेडिंगजवळच्या नव्या इस्टेटवर (बिल्डरनं बांधलेल्या वसाहतीत) आमचं कोपऱ्याचं घर आहे, घेऊन तीन वर्षं झाली. मागच्या शेजाऱ्यांनी गेल्या उन्हाळ्यात दोन फूट उंच डेकिंग (लाकडी फळ्यांचा चौथरा) केलं, त्यावर उभं राहिलं की आमचं अख्खं गार्डन दिसतं. सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्यात, सकाळी नऊवारीत तुळशीला पाणी घालतात, उन्हात बसून भाजी निवडतात, आणि वरून लोक हातात ग्लास घेऊन बघत असतात. म्हणून विणलेल्या विलोची (बारीक लवचीक काठ्यांची) सहा फुटी पॅनल्स आणली, मागे शेजाऱ्यांच्याच फेन्सला स्क्रूनं बसवली, उरलेली चार रस्त्याकडच्या बाजूला फुटपाथला लागून लावली. आता कौन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) बांधकामाचे नियम पाळायला लावणाऱ्या एन्फोर्समेंट ऑफिसरचं पत्र आलंय, इस्टेटची देखभाल बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीचा ईमेल आलाय आणि शेजारी म्हणतो माझ्या फेन्सला हात लावला म्हणून पोलिसात जाईन. विलो तर नैसर्गिक आहे ना, त्याला कसली परवानगी? सगळं काढावं लागेल का?

ताई, सगळं नाही काढावं लागणार. रस्त्याकडची चार मात्र बहुतेक हलवावी लागतील, आणि मागची शेजाऱ्याच्या फेन्सवरून उतरवून स्वतःच्या खांबांवर घ्या, ते या वीकेंडलाच करा. बाकीचं चहा पीत वाचा, घाई नाही.

आधी ते "नैसर्गिक आहे ना" डोक्यातून काढून टाका. कुंपण कशाचं आहे याच्याशी इंग्लंडच्या प्लॅनिंगच्या (बांधकाम परवानगीच्या) नियमाला काही देणंघेणं नाही, विलो काय, पाइन काय, वीट काय, विचारतात ते एवढंच की उंच किती आणि आहे कुठे. २०१५ ची जनरल परमिटेड डेव्हलपमेंट ऑर्डर म्हणून आहे, तिच्यात दुसऱ्या शेड्यूलमध्ये पार्ट २, क्लास ए बघा. गाड्यांच्या रस्त्याला लागून असेल तर १ मीटर, बाकी ठिकाणी २ मीटर, एवढ्यापर्यंत परवानगी लागत नाही. (घर लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत असेल तर ही सवलत नाही, पण तुमचं नवंकोरं आहे. आणि हे फक्त इंग्लंडचं, स्कॉटलंड-वेल्समध्ये कोणी वाचत असेल तर तिथले नियम वेगळे आहेत.) मध्ये फुटपाथ आहे ना, असं म्हणून सुटका होत नाही, फुटपाथ रस्त्यातच धरतात. सहा फूट म्हणजे १.८३ मीटर, ते मागे चालतं, पुढे चालत नाही. आणि कोपऱ्याच्या घराला तर कौन्सिल जास्तच बघतं, कारण वळणाऱ्या ड्रायव्हरला पलीकडून सायकलवर येणारं पोर दिसायला हवं.

मागेसुद्धा टेप लावून मोजाच. लोक काय करतात, ओलीनं विलो कुजू नये म्हणून खाली सहा इंचाची काँक्रीटची पट्टी टाकतात, ते झालं १.९८, म्हणजे अगदी काठावर, मग वर वेल चढवायला एक फूट जाळी ठोकतात आणि २.२९ वर जातात. जाळीतून आरपार दिसतं म्हणून ती उंचीत धरत नाहीत असं बरेच जण छातीठोकपणे सांगतील, तसं काही नाही.

आता ऑफिसरचं पत्र. ते नीट वाचा, ते बहुतेक नुसतं पत्र आहे, नोटीस नाही. परवानगीशिवाय कुंपण घालणं हा स्वतःहून गुन्हा होत नाही, गुन्हा होतो तो रीतसर एन्फोर्समेंट नोटीस लागू झाल्यावर मुदतीत ती पाळली नाही तर. नोटीस आलीच तर अपील ती लागू होण्याच्या तारखेआधी करायचं असतं, तारीख उलटली की अपील गेलं, त्यामुळे कौन्सिलचं पाकीट फ्रिजवर न उघडता ठेवू नका (हसू नका, माझ्या ओळखीत हे झालंय). तुमच्यापुढे रस्ते असे की पुढची पॅनल्स १ मीटरवर आणा, किंवा आत घ्या, किंवा आहे तसं राहू द्या म्हणून मागाहून परवानगीचा अर्ज करा. अर्जावर मी तुमच्या जागी पैसे घालणार नाही, कोपऱ्यावर सहा फूट सहसा मंजूर होत नाही. किती आत घ्यायचं याचा आकडा कायद्यात लिहिलेला नाही, "लागून" म्हणजे अगदी चिकटून असंही नाही, ते जागा बघून ठरतं, म्हणून आत घ्यायचं तर आधी ऑफिसरलाच ईमेल करा की इतकं आत घेऊन पुढे झाडं लावली तर चालेल का, आणि उत्तर लेखी घ्या. शिवाय इस्टेटची मूळ परवानगी कौन्सिलच्या वेबसाइटवर काढून अटी वाचा, नव्या इस्टेटमध्ये घरांचा पुढचा भाग मोकळा दिसावा म्हणून ही १ मीटरची सवलतसुद्धा काढून घेतलेली असू शकते.

विलो कापताना एक गंमत सांगतो. आपल्याला विलो म्हणजे बॅट, इंग्लिश विलो की काश्मीर विलो एवढंच माहीत. कुंपणाची विलो ती नव्हे, ही सॉमरसेटच्या पाणथळ भागात दरवर्षी छाटून काढतात ती बारीक लवचीक काठी, आपल्या बुरुडांसारखी भिजवून विणतात, आणि विणून झाली की दिसायला थेट कोकणातला कारवीचा कूड, न सारवलेला. आपल्याकडचा हिचा भाऊबंद म्हणजे ओढ्याकाठचा वाळुंज. हे सांगायचं कारण की तुमच्या पॅनलची विलो वाळलेली आहे, पण हिरवी काठी हिवाळ्यात नुसती जमिनीत खोचली तरी जगते, आणि तुम्हाला कोणीतरी नक्की सुचवेल की जिवंत विलोचं कुंपण विणा, मग ते कुंपण नाही, हेज म्हणजे लावलेल्या झाडांची रांग झाली, उंचीची कटकटच नको. कायद्यानं ते बरंचसं खरं आहे. हेजला तो १-२ मीटरचा नियम नाही, आणि २००३ च्या अँटी-सोशल बिहेवियर ॲक्टमध्ये उंच हेजबद्दल तक्रारीची जी सोय आहे ती सदाहरित किंवा जवळपास सदाहरित झाडांपुरती, विलोची तर पानं गळतात. पण विलो भयंकर तहानलेली, मुळं पाण्यामागे ड्रेनमध्ये घुसतात, चिकणमातीची जमीन असेल तर ओल शोषून घराचा पाया खचवू शकतात, आणि शेजाऱ्याचा पाया खचला तर दावा तुमच्यावर. नव्या इस्टेटच्या रुमालाएवढ्या गार्डनमध्ये जिवंत विलो लावू नका. हेज हवंच तर हॉर्नबीम नावाचं झाड लावा.

शेजाऱ्याच्या फेन्सबद्दल तो बरोबर आहे, तुम्ही चूक आहात, वाईट वाटून घेऊ नका. फेन्स त्याची असेल तर त्यात स्क्रू मारणं हा ट्रेसपास (दुसऱ्याच्या मालमत्तेत ढवळाढवळ), आणि फळी फुटली तर क्रिमिनल डॅमेज, म्हणजे नुकसान केल्याचा गुन्हाही म्हणू शकतो. पोलीस दोन स्क्रूंसाठी धावत येतील असं मला वाटत नाही, पण कशाला विषय वाढवायचा? फेन्स खरंच त्याची आहे का हे मात्र बघा. "घराच्या डाव्या बाजूची आपली" असा नियम इथे प्रत्येक जण सांगतो, असा नियमच नाही. लँड रजिस्ट्रीकडून (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंदणी) टायटल रजिस्टर आणि प्लॅन काढा (सरकारी साइटवरूनच, तिच्यासारख्या दिसणाऱ्या साइट्स कितीतरी पट पैसे घेतात), प्लॅनवर हद्दीच्या रेषेला इंग्रजी टी अक्षरासारखी खूण असेल तर ती ज्याच्या बाजूला काढलेली असते त्याच्याकडे सहसा ती फेन्स. खूण नसेल तर घर विकत घेतानाचं बिल्डरचं ट्रान्सफर डीड वाचा.

आणि कृपा करून प्लॅनवरची लाल रेघ घेऊन शेजाऱ्याशी इंचांवरून भांडू नका. गावाकडे बांध कोरला म्हटल्यावर आपण मोजणी आणतो, खुणा ठोकतो, इथे तसं नाही, २००२ च्या लँड रजिस्ट्रेशन ॲक्टच्या ६० व्या कलमाप्रमाणे ती रेघ साधारण हद्द दाखवते, नेमकी नाही. शहरी भागात प्लॅनचं प्रमाण सहसा १:१२५०, म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर सव्वा मीटर. रेघेच्या जाडीतच तुमची तुळस मावेल! तुम्ही आपले खांब निःसंशय आपल्या जमिनीत रोवा, फेन्सपासून वीतभर आत. पार्टी वॉल ॲक्टची (सामाईक भिंतींच्या कायद्याची) नोटीस लाकडी कुंपणाला लागत नाही.

आता डेकिंग, ज्यासाठी तुम्ही मनातून हे सगळं विचारलंय. जमिनीपासून ३० सेंटिमीटरपेक्षा उंच डेकिंगला परवानगी लागते. दोन फूट म्हणजे साठ. त्यानं परवानगी घेतलीय का ते कौन्सिलच्या साइटवर त्याचा पत्ता टाकून दोन मिनिटांत कळेल, नसेल घेतली तर तोही तुमच्याच नावेत बसलाय. पण लगेच तक्रार ठोकू नका. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडात अशा बांधकामावर कारवाईची मुदत ४ वर्षांवरून १० वर्षं केलीय, म्हणजे गेल्या उन्हाळ्यातल्या डेकिंगला तुमच्याकडे भरपूर वेळ आहे. उलट तुम्ही घर विकायला काढाल तेव्हा टीए६ नावाच्या फॉर्मवर शेजाऱ्यांशी वाद आहे का, तक्रारी झाल्यात का हे खरं सांगावं लागतं, आणि ते वाचून गिऱ्हाईक पळतं. आधी त्याच्याशी बोला. मी आजच माझी पॅनल्स उतरवतेय, तू डेकिंगच्या कडेला एखादा पडदा लाव, असं सरळ म्हणा. त्याच्या डेकिंगला परवानगी नाही हे त्याला ठाऊक असेलच, तुम्ही धमकी न देता नुसतं "उंची किती आहे रे?" विचारलंत तरी पुरे.

नुसतं बघतात म्हणून केस होते का? नाही होत. २०२३ च्या फेब्रुवारीत लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या खटल्यात शेजारच्या काचेच्या फ्लॅटवाल्यांच्या बाजूनं निकाल लागला, पण तीन विरुद्ध दोन, आणि तिथे म्युझियमच्या गॅलरीवरून लाखो लोक घरात बघत होते, फोटो काढत होते. साध्या शेजाऱ्याच्या नजरेला सुप्रीम कोर्टानंही न्यूसन्स (कायद्यानं दाद मागता येईल असा उपद्रव) म्हटलं नाही. आपल्याकडे १८८२ च्या ईझमेंट ॲक्टच्या १८ व्या कलमात उदाहरणच दिलंय की गावाची रूढी असेल तर शेजाऱ्याची प्रायव्हसी बिघडेल अशी नवी खिडकी पाडता येत नाही. इथे तशी रूढी नाही, इथे रूढी पडद्यांची.

मॅनेजमेंट कंपनीला हलक्यात घेऊ नका हं. तुमच्या डीडमध्ये कव्हेनंट (बंधनकारक अट) असणार, पुढच्या बाजूला कुंपण नको किंवा आधी संमती घ्या अशा अर्थाचं, आणि प्लॅनिंगवाल्यांनी हो म्हटलं म्हणून कव्हेनंट संपत नाही, दोन्ही वेगवेगळे दरवाजे आहेत. त्यांना लिहा की पुढची पॅनल्स काढतोय, कुठलं कव्हेनंट मोडलं त्याचा नेमका क्लॉज कळवा. "ॲडमिन फी" मागितली तर ती कुठल्या क्लॉजखाली तेही विचारा, भरायच्या आधी.

आणि पुढून निघालेली चार पॅनल्स फेकू नका. जरा हिशोब करा, दोन फुटांच्या डेकिंगवर उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण २.२ मीटरवर, तुमचं पॅनल १.८३ वर, तो कडेला येऊन उभा राहिला तर हद्दीवरच्या कुंपणावरून त्याला दिसणारच. आडोसा बघणाऱ्याजवळ नाही, बसणाऱ्याजवळ हवा. ती चार पॅनल्स तुळशीच्या आणि सासूबाईंच्या खुर्चीच्या मागे काटकोनात उभी करा, स्वतःच्या खांबांवर, उंची २ मीटरच्या आत. रुंदीही सहा फूट असेल तर सव्वासात मीटरभर आडोसा होतो.

स्क्रू काढायच्या आधी आणि काढल्यावर शेजाऱ्याच्या फेन्सचे फोटो घ्या, भोकं बुजवून देतो म्हणा, आणि ऑफिसरला सोमवारी सकाळी कळवा की कुठलं पॅनल कधी हलवलं.