वडिलांची झेन आणि ‘इंजिन खाली घ्या’चा सल्ला

प्रश्न : वडिलांच्या मागे त्यांची 2005 ची मारुती झेन माझ्याकडे आली. पेट्रोल, एमपीएफआय (कॉम्प्युटर सांगेल तेवढं पेट्रोल सोडणारं इंजिन). शेवटची काही वर्षं ते ती फक्त बाजारापर्यंत न्यायचे, घरापासून दोन किलोमीटर. आता मी चालवते तर चेक इंजिनचा पिवळा दिवा कायम लागलेला. तासभर गाडी चालवून बहादूरशेख नाक्यावर थांबले की ऑइलच्या किटलीचा लाल दिवा फडफडतो, ॲक्सिलरेटर दिला की जातो. कुंभार्ली घाट उतरताना वळणावर ब्रेकचा दिवाही लुकलुकतो. ॲव्हरेज दहाच्या खाली. तापमानाचा काटा मात्र कधीच वर चढत नाही, तेवढं एक बरं आहे. गॅरेजवाले म्हणतात इंजिन खाली घ्यावं लागेल, म्हणजे उतरवून पूर्ण उघडावं लागेल, चाळीस हजार. भाऊ म्हणतो भंगारात काढ. काय करू? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, ‘तेवढं एक बरं आहे’ म्हणून जे लिहिलंत, नेमकी तिथेच मला खोट दिसते. काटा थोड्या वेळात मध्याच्या आसपास यायलाच हवा. तासभर चालूनही तो तळाला पडून असेल तर इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही, किंवा काट्याची वायर तरी तुटलीय.

कराडला माझ्याकडे कोकणातून अशा गाड्या येतात, आणि त्यांतल्या कितीतरी गाड्यांत थर्मोस्टॅटच नसतो. ही छोटी झडप इंजिन 80–85 अंशांपर्यंत तापेस्तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. कधीतरी गाडी उकळते, मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून फेकतो, ‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतो’ म्हणतो आणि मालक खूश होतो. पण इंजिनचा कॉम्प्युटर कूलंटच्या, म्हणजे या पाण्याच्या, तापमानाच्या सेन्सरवर चालतो. त्याला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, म्हणून तो जादा पेट्रोल सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. रोज दोनच किलोमीटर चाललेल्या गाडीत ते पेट्रोल उडून जायलाही वेळ मिळत नाही. सेन्सरच बिघडला असेल तरी हीच गत. तुमचे पिवळा आणि लाल हे दोन्ही दिवे बहुतेक एकाच दुखण्याचे आहेत.

घरी बघता येईल. सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागी, डिपस्टिक काढा. पुसा, पुन्हा घाला, काढा. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलं असेल आणि काडीला पेट्रोलचा वास येत असेल तर माझा संशय खरा. मग गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) अधूनमधून हात लावा (पंखा आणि बेल्टपासून ओढणी लांब ठेवून). थर्मोस्टॅट असेल तर होज काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम तापतो. नसेल तर पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जातो.

आता गॅरेजवाल्यांच्या चाळीस हजारांबद्दल. ऑइलचा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब सांगतो. तो लावणारा स्विच साधारण 0.3 बारच्या आसपास काम करतो, म्हणजे दाब जवळजवळ संपल्यावर. तेव्हा दुर्लक्ष अजिबात करू नका. चालत्या गाडीत तो लागून राहिला तर तिथेच बाजूला घ्या आणि चावी बंद करा. पण दिवा फडफडतो एवढ्यावरून इंजिन खाली घ्या म्हणणं मला पटत नाही. आधी ऑइल आणि फिल्टर बदला, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचंच घाला. थर्मोस्टॅट बसवा, कूलंट नवं भरा, सेन्सर तपासा. दोन-तीनशे किलोमीटर गाडी फिरवा. तरीही दिवा फडफडला तर स्विच काढून त्याच भोकात प्रेशर गेज लावायला सांगा आणि गरम इंजिनवर आकडा तुमच्या डोळ्यांनी बघा. आकडा चांगला असेल तर दोष स्विचचा. कमी असेल तर चेंबर उतरवून स्ट्रेनर (ऑइलची जाळी) आणि बेअरिंग बघायची. गेज लावायला कुरकुर करणाऱ्याकडे इंजिन देऊ नका.

एक सांभाळा. थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो काढला का होता, हे शोधायला लावा. रेडिएटर चोक असेल, पंखा लागत नसेल, पाण्याचा पंप गळत असेल. झेनचं 993 सीसीचं इंजिन सगळं ॲल्युमिनियमचं आहे. एकदा नीट उकळलं की हेड वाकतं, आणि मग चाळीस हजार खरेच लागतील. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची पावती वडिलांच्या फायलीत शोधा. नाही सापडली तर बदलून टाका.

पिवळ्या दिव्याचा कोड वाचायला या काळातल्या मारुतीत महागडं यंत्र लागत नाही. जुना मारुतीवाला मेकॅनिक डायग्नोसिसच्या कनेक्टरला छोटी वायर जोडतो आणि दिव्याची उघडझाप मोजतो. एक आणि दोन, म्हणजे 12, आलं तर दोष नाही. 14 किंवा 15 कूलंटच्या सेन्सरचा, 13 ऑक्सिजन सेन्सरचा. तुमच्याकडे बहुधा 14 किंवा 15 निघेल.

हे सगळं करण्याआधी मात्र ब्रेक. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही वळणावर दिवा लुकलुकतो, म्हणजे टाकीतलं ब्रेक ऑइल कमी झालंय आणि गाडी कलली की त्यावर तरंगणारा फ्लोट खाली जातो. नुसतं ओतून दिवा घालवू नका. ते गेलं कुठे? पुढची पॅड झिजली की पातळी उतरते, तेवढं साहजिक आहे. पण मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर गळत असेल तर पायाखालचा ब्रेक घाटातच दगा देईल. चारही चाकं उघडून बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि तुमच्याकडे ओलीला तोटा नाही. जुनं सगळं काढून नवं भरा. तोवर कुंभार्ली उतरू नका.

कागदांचंही बघा. मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी नावावर करायची. विम्याची पॉलिसीही मृत्यूनंतर तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तोवरच चालते. शिवाय 2005 ची गाडी म्हणजे 2020 मध्ये पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण झालं असेल. आरसीवरची तारीख बघा. फी 2022 पासून 600 ची 5000 झाली, वीस वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त, वर पर्यावरण कर. हा खर्च धरून भावाशी बोला. बॉडी खालून गंजली नसेल तर मी ठेवा म्हणेन. पत्र्याला भोकं पडली असतील तर भाऊ बरोबर आहे.

प्रश्न : मोबाईलला जोडायचा स्कॅनर ऑनलाइन घेतला. मामांच्या 2007 च्या गाडीला तो कनेक्टच होत नाही. स्कॅनर खराब आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : बहुतेक नाही. असे स्कॅनर ओबीडी-2 या सगळ्या कंपन्यांच्या सामाईक भाषेवर चालतात, आणि आपल्याकडे ती सक्तीची झाली 2013 च्या एप्रिलपासून. त्याआधीच्या पुष्कळ गाड्या कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात. मित्राच्या नव्या गाडीवर लावून बघा, तिथे चालला तर परत करू नका. आणि बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा उपाय करू नका. कोड पुसला जातो, मेकॅनिकला माग लागत नाही, आणि दिवा दोन दिवसांनी पुन्हा येतो.

प्रश्न : सासऱ्यांच्या जुन्या सँट्रोत रात्री हेडलाइट लावले की बॅटरीचा दिवा अंधुक दिसतो. बॅटरी नवीन आहे. – एक वाचक, मडगाव

उत्तर : बॅटरीला दोष देऊ नका, अल्टरनेटर बघा. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. हेडलाइट आणि पंखा लावल्यावर 13 च्या खाली जात असेल तर बेल्ट सैल आहे किंवा कार्बन ब्रश झिजलेत. ब्रश स्वस्त असतात; ऑटो इलेक्ट्रिशियन अख्खा अल्टरनेटर बदला म्हणाला तर आधी उघडून दाखव म्हणा.