क्रेसेंडोला 'पोचतात' का?

प्रश्न: नमस्कार. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग आहे, त्यात समूहगान बसवतायत. सरांनी जो कागद वाटलाय त्यावर एका ओळीखाली 'क्रेस.' लिहिलंय आणि पुढं हेअरपिनसारखी आडवी खूण काढलीय. मुलगी म्हणते, म्हणजे तिथनं जोरात म्हणायचं. मी परवाच शाहू स्टेडियमच्या मॅचबद्दल वाचलं की 'शेवटच्या पाच मिनिटांत जल्लोष क्रेसेंडोला पोचला', त्यामुळं मला वाटतंय एकदम टिपेचा आवाज. घरात दोन पार्ट्या पडल्यात. नक्की काय? आणि आपल्याकडं याला शब्द आहे का?
(एक पालक, मंगळवार पेठ)

उत्तर: सॉरी, पण दोन्ही पार्ट्या हरल्या. लेक थोडक्यात हरली, तुम्ही जरा जास्त.

आधी उच्चार. शब्द इटालियन आहे आणि तिथं तो 'क्रेशेंदो' असा म्हणतात, आपल्याकडं क्रेशेंडो म्हटलं तरी चालतंय, फक्त मधला 'से' नाही, 'शे' आहे. क्रेशेरे म्हणजे वाढणं, त्यावरनं क्रेशेंडो म्हणजे 'वाढत वाढत'. म्हणजे हळू आवाजापासनं मोठ्या आवाजापर्यंत सावकाश जायचं, ती वाट म्हणजे क्रेशेंडो. शेवटी जो मोठा आवाज येतो त्याला वेगळं नाव आहे, फोर्ते. पन्हाळ्याला जाताना वाघबीळ सोडलं की गाडी चढायला लागते तो घाट म्हणजे क्रेशेंडो, आणि पन्हाळा म्हणजे पन्हाळा. त्यामुळं 'क्रेसेंडोला पोचला' म्हणणं म्हणजे 'चढणीला पोचला' म्हटल्यासारखंच झालं की, अजून सगळा डोंगर बाकीच.

लिहिणाऱ्याला मी फार बोलणार नाही, कारण इंग्रजीत ही चूक इतकी रुळलीय की आता डिक्शनरीतसुद्धा 'कळस' असा अर्थ देतात, आणि खरं सांगायचं तर मी पण कित्येक वर्षं असंच लिहीत होतो. पण मराठीत 'शिगेला पोचला', 'टिपेला पोचला' असे झकास शब्द असताना इटलीपर्यंत जायचं कशाला?

आता गंमत सांगतो. याच क्रेशेरेच्या लॅटिन घरातनं इंग्रजीतला क्रेसेंट शब्द आलाय, म्हणजे चंद्राची कोर, वाढत जाणारी. आणि आपल्या महाराजांची राजमुद्रा आठवा, 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुः'. प्रतिपदेच्या कोरीसारखी वाढत जाणारी! चंद्र तोच, वाढणं तेच. म्हणजे क्रेशेंडोला शब्दाला शब्द लावायचाच झाला तर 'वर्धिष्णू' यापेक्षा नेमका मला तरी सापडत नाही. अर्थात 'पोरांनो, इथं वर्धिष्णू म्हणा' असं सर बोलले तर वर्गात काय होईल ते सोडा.

रोजच्या बोलण्यातला 'आवाज चढवणं' का नको, तर त्यात घोळ आहे. पट्टी वर नेली तरी आवाज चढला, व्हॉल्यूम वाढला तरी चढला, आणि घरात भांडण झालं की 'आवाज चढवू नका' हे वेगळंच. आपल्या ख्यालात विलंबितकडनं द्रुतकडं जातात, पण ती लय वाढते, ते क्रेशेंडो नव्हे. आवाज लहानमोठा करणं आपल्याकडं पण भरपूर आहे, फक्त ते गाणाऱ्यावर सोडलेलं असतं. तिकडं ऑर्केस्ट्रात पन्नास-साठ लोक एकदम वाजवणार, प्रत्येकानं आपापल्या मनानं वाढवलं तर कालवाच, म्हणून कागदावर लिहून द्यावं लागतं. अठराव्या शतकात जर्मनीतल्या मानहाइमच्या दरबारी ऑर्केस्ट्राची ख्यातीच मुळी अशा एकजुटीनं आवाज वाढवत नेण्याबद्दल होती, आणि पुढं रोसिनी या इटालियन संगीतकाराला तर लोक 'सिन्योर क्रेशेंडो' म्हणून चिडवायचे.

लय आणि आवाज यात गल्लत का होते तेही सांगतो. खासबागेत कुस्ती रंगात आली की हलगी बघा, जोरात पण होते आणि जलद पण होते, दोन्ही एकदम, त्यामुळं आपल्या कानाला ती जोडीच वाटते. जलद होण्याला तिकडं वेगळा शब्द आहे, अच्चेलेरांदो. नुसता आवाज वाढवायचा आणि लय जिथल्या तिथं ठेवायची हे लई अवघड काम. ते ऐकायचं असेल तर राव्हेल या फ्रेंच संगीतकाराचं 1928 सालचं 'बोलेरो' लावा. साधारण पंधरा मिनिटं ड्रमवर एकच ठेका, लय तीच, सुरुवातीला इतकं हळू की मोबाईलचा आवाज वाढवायचा मोह होतो. वाढवू नका! एकेक वाद्य येत जातं आणि शेवटी खिडक्या हादरतात. हेडफोन लावून ऐकत असाल तर तुमची जबाबदारी.

आता तुमच्या कागदाबद्दल. ती हेअरपिन डावीकडं मिटलेली आणि उजवीकडं उघडत गेलेली असेल, तर डावं टोक म्हणजे हळू आणि उघडं तोंड म्हणजे मोठ्यानं. उलटी असेल तर कमी करत न्यायचं, त्याला डिमिनुएंदो म्हणतात. म्हणजे लेकीनं लक्षात ठेवायचं ते असं की जिथं 'क्रेस.' लिहिलंय तिथं अजून हळूच म्हणायचंय, पोरं तो शब्द दिसला की लगेच ओरडायला लागतात आणि मग पुढं वाढवायला काही शिल्लकच राहत नाही. घरी पेटी असेल तर एक सूर दाबून धरा, भाता आधी अगदी अलगद हलवा आणि मग हळूहळू जोर वाढवत न्या. सूर तोच, आवाज फुगत जातो. चारदा तिला ऐकवा, आणि पाचव्यांदा पेटीबरोबर तिलाच म्हणायला लावा.