हाशिमोटो असताना आयोडीनयुक्त मीठ बंद करावे का?

नाही. हाशिमोटो म्हणजे रोगप्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते तो आजार. रक्ततपासणीत अँटीबॉडी (या हल्ल्यातली प्रथिने) वाढलेल्या आल्या, एवढ्यावरून घरातले नेहमीचे मीठ काढून सैंधव आणण्याची गरज नाही. आयोडीन जास्त झाले की थायरॉइडमधल्या थायरोग्लोब्युलिन या प्रथिनात ते अधिक प्रमाणात मिसळते आणि रोगप्रतिकारशक्तीला ते प्रथिन परके वाटण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. डेन्मार्कमध्ये 2000 साली मिठात आयोडीन घालणे सक्तीचे झाल्यावर, मात्रा बेताची असूनही, अँटीबॉडी आणि हायपोथायरॉइडिझम (थायरॉइडचे काम मंदावणे) या दोन्हींचे प्रमाण काहीसे वाढलेले आढळले. परंतु प्रौढ व्यक्तीला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतेच, आणि आपल्याकडे ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किमान 15 पीपीएम (म्हणजे किलोमागे 15 मिलिग्रॅम) आयोडीन असावे असा नियम असल्याने, तेवढेच असलेल्या पाच ग्रॅम मिठातून 75 मायक्रोग्रॅमच मिळते. खरी काळजी वाटते ती ‘थायरॉइडसाठी उत्तम’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या केल्पच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या, गोळ्यांची. त्यांत दिवसाच्या गरजेच्या कित्येक पट आयोडीन असू शकते आणि आधीच दुखावलेली ग्रंथी त्या भाराने आणखी मंदावते. त्या कृपया घेऊ नका. गरोदरपणात गरज 250 मायक्रोग्रॅमपर्यंत जाते आणि बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते, म्हणून त्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ मुळीच बदलू नये.