उत्तर: व्याख्या पाठ आहेत, तरी प्रश्न फिरवला की गाडी अडते

तुमची पोस्ट वाचली आणि आधी हसू आलं, मग पोटात कालवलं. सातवीतल्या मुलीला विज्ञानाच्या सगळ्या व्याख्या पाठ आहेत, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की ती गप्प बसते; तेव्हा जीवसृष्टी, पृथ्वी, भौतिक, रसायन अशी सगळी मिळून एक पूर्ण शब्दयादी कुणी देईल का, असं तुम्ही विचारलंय. काही वर्षांपूर्वी मी जवळजवळ याच शब्दांत चार जणांना विचारलं होतं. दुर्दैवाने चौघांनीही याद्या दिल्या.

आधीच सांगते, मी शिक्षिका नाही. एका मुलाचा सहावी ते आठवीचा विज्ञानाचा अभ्यास घरी घेतला, एवढाच माझा अधिकार. तुमच्या मुलीच्या शिक्षकांचं आणि माझं म्हणणं वेगळं पडलं तर त्यांचं ऐका. वही कशी ठेवायची, उजळणी किती वेळा करायची वगैरे सांगत बसत नाही, ते तुम्हाला माहीत असणार. माझी चूक तेवढी सविस्तर सांगते.

मुलगा सातवीत जाणार होता त्या सुट्टीत मी एक यादी केली. निम्मी एका शिकवणीच्या छापील पुस्तिकेतून, उरलेली नेटवर मिळेल तिथून. चारशेच्या वर शब्द, अ पासून ज्ञ पर्यंत. काय अभिमान होता मला त्या यादीचा! रोज दहा शब्द, संध्याकाळी तोंडी परीक्षा. सुट्टी संपेपर्यंत पोरगं घडाघडा म्हणून दाखवायला लागलं.

पहिल्याच चाचणीत प्रश्न आला: आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून काय तयार होतं? अपेक्षित उत्तर, क्षार आणि पाणी. याने लिहिलं, आम्ल आणि क्षार एकमेकांचा प्रभाव घालवतात आणि लवण तयार होतं. शून्य गुण. घरी येऊन रडवेला होऊन म्हणाला, "अगं, यादीत हेच आहे." मी यादी काढून पाहिली. खरंच तेच होतं.

उलगडा व्हायला दोन आठवडे गेले. यादीतला तो भाग हिंदी मजकुरावरून उचललेला होता. हिंदीत क्षार म्हणजे आम्लाच्या विरुद्ध बाजूचा गडी, आपल्या आम्लारीच्या घराण्यातला. आपण ज्याला क्षार म्हणतो त्याला तिकडे लवण म्हणतात. म्हणजे पोराला रसायन कळलं होतं, शब्द तेवढे शेजारच्या भाषेतले होते. आणि पेपर तपासणाऱ्या बाईंना तरी काय दोष द्यायचा? त्यांच्या दृष्टीने त्याने अभिक्रियेच्या आधीच क्षार आणून ठेवला होता.

मग मी लाल पेन घेऊन बसले. अणू हा शब्द यादीत दोनदा सापडला, एकदा ऱ्हस्व णु, एकदा दीर्घ, आणि दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या. मराठीत मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण तो अणू, आणि अणू एकत्र जोडले गेले की रेणू. हिंदीत पहिला परमाणु आणि दुसरा अणु. म्हणजे तिकडचा 'पानी का अणु' हा आपला पाण्याचा रेणू. मुलाने दोन्ही व्याख्या प्रामाणिकपणे पाठ केल्या होत्या. कुठली कधी लिहायची हे कसं ठरवतोस, असं विचारलं तर म्हणाला, "जास्त मार्कांना असेल तर मोठी."

तिसरा शब्द पेशी. आपली पेशी ती हिंदीत कोशिका, आणि हिंदीतली पेशी म्हणजे आपला स्नायू. हिंदी व्हिडिओत 'हृदय पेशी' ऐकलं की आपलं मूल सूक्ष्मदर्शकाखालची एक पेशी डोळ्यांपुढे आणतं, आणि तिकडे बोलणं चाललेलं असतं हृदयाच्या अख्ख्या स्नायूबद्दल. वस्तुमानाला द्रव्यमान किंवा वक्रीभवनाला अपवर्तन म्हटलं तर इतकं बिघडत नाही. शब्द अनोळखी असतो, मूल थांबतं, विचारतं. घात करतो तो ओळखीच्या चेहऱ्याचा शब्द. हिंदी व्हिडिओ बंद करा असं मी म्हणत नाही, काही फार सुंदर असतात. पाहून झाल्यावर त्यातले चार शब्द पाठ्यपुस्तकात कुठे भेटतात ते तिलाच शोधायला लावा.

आता त्या शिकवणीबद्दल. मी तीनदा गेले. पहिल्यांदा पुस्तिका करणारे सर नव्हते. दुसऱ्यांदा म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं, पान क्रमांकासकट. तिसऱ्यांदा काउंटरवरच उत्तर मिळालं, "मॅडम, परीक्षेपुरतं एवढंच लागतं." त्याच पुस्तिकेत 'वस्तुमान म्हणजे वस्तूचे वजन' असं एक वाक्य होतं, तेही मी दाखवलं होतं. पुढच्या वर्षी मुखपृष्ठ बदललं. आतलं क्षार, अणू, वजन, सगळं जिथल्या तिथे. असो. तो विषय निघाला की माझा आवाज अजून चढतो.

यादीतल्या चुका दुरुस्त केल्या तरी मुलाचं अडणं काही थांबलं नाही, आणि तिथे मला दुसरी गोष्ट कळली. तुमच्या मुलीचं दुखणं बहुधा हेच असावं. आपण घाबरतो प्रकाशसंश्लेषण, बाष्पीभवन असल्या भारदस्त शब्दांना. ते मुलांना फारसे नडत नाहीत, कारण ते विज्ञानाच्या तासाबाहेर भेटतच नाहीत. नडतात ते काम, बल, शक्ती, वजन, हवा, उष्णता. हे शब्द मूल शाळेत जायच्या आधीपासून वापरत असतं. व्याख्या पाठ होते, पण प्रश्न आला की डोकं जुन्याच अर्थाने चालतं.

वजनाचंच घ्या. रोजच्या बोलण्यात वजन ४० किलो म्हणायला काही हरकत नाही, मीही म्हणते. विज्ञानात मात्र ४० किलोग्रॅम हे वस्तुमान झालं. वजन म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ओढ, ते एक बल आहे आणि न्यूटनमध्ये मोजतात. पृथ्वीवर ते साधारण ३९२ न्यूटन भरेल, चंद्रावर त्याच्या एक-षष्ठांश, म्हणजे ६५ च्या आसपास. वस्तुमान दोन्हीकडे ४०च. व्याख्या न विचारता 'चंद्रावर गेलं तर काय बदलेल?' एवढंच विचारा, कळलंय की नाही ते लगेच दिसतं.

कामाच्या, म्हणजे विज्ञान ज्याला कार्य म्हणतं त्याच्या, बाबतीत तर आमच्याकडे भांडण झालं. दप्तर खांद्यावर घेऊन तासभर एका जागी उभं राहिलं तर दप्तरावर केलेलं कार्य शून्य, कारण विस्थापन, म्हणजे दप्तराचं जागेवरून सरकणं, शून्य. मुलाचा प्रश्न: "मग मी दमलो कशाने?" मला उत्तर येत नव्हतं. शोधल्यावर कळलं की स्नायूंचे तंतू ताण धरून ठेवण्यासाठी सतत आखडत-सैलावत असतात आणि त्याला ऊर्जा लागते. दप्तराला त्यातलं काही पोचत नाही, आपलं शरीर मात्र ती खर्च करत राहतं. ती ऊर्जा येते पेशींमधल्या श्वसनातून. आणि इथे श्वसन म्हणजे नाकाने हवा आतबाहेर करणं नाही, तो श्वासोच्छ्वास. श्वसन पेशीत चालतं, ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण होऊन ऊर्जा मोकळी होते. वनस्पतींना नाक नाही तरी श्वसन आहे, आणि तेही दिवसरात्र. 'झाडं फक्त रात्री श्वसन करतात' हे वाक्य तुमच्या मुलीच्या तोंडी असेल तर आजच काढा. एका दप्तराच्या प्रश्नातून भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात पोचलो, आणि हे दोन्ही शब्द त्याला पुन्हा कधी पाठ करावे लागले नाहीत.

तेव्हापासून मी शब्द एकेकटा शिकवणं सोडून दिलं. कायम जोडी, आणि जोडीला एक असा प्रश्न ज्यात दोघांची फारकत होईल. तापमान आणि उष्णता यांच्यासाठी: जळती आगकाडी की बादलीभर कोमट पाणी? तापमान काडीचं कितीतरी जास्त. पण एक काडी पूर्ण जळाली तर साधारण हजारभर ज्यूल उष्णता देते, आणि १० लिटर पाणी नुसतं १ अंशाने निवलं तरी सुमारे ४२ हजार ज्यूल बाहेर पडतात. म्हणजे चाळीसेक काड्यांएवढे. हा हिशोब मुलाने स्वतः केला आणि दिवसभर सगळ्यांना सांगत फिरला.

पृथ्वीच्या भागात गोंधळ कमी आहे, पण एक जोडी छळते: हवा आणि हवामान. पुस्तकात आजची, आत्ताची स्थिती ती हवा, आणि एखाद्या प्रदेशातली दीर्घकाळची सरासरी ते हवामान, त्यासाठी सहसा किमान ३० वर्षांच्या नोंदी धरतात. बातम्यांमध्ये मात्र उद्याच्या पावसालाही हवामानाचा अंदाज म्हणतात. वर हवा म्हणजे श्वास घेतो तीही. मूल बिचारं कुणावर विश्वास ठेवणार? आमच्या घरी नियम एवढाच होता की एका दिवसात बदलू शकतं ते हवामान नव्हे. खडक जागच्या जागी फुटणं-भुगा होणं हे विदारण, आणि तो भुगा वाहून जाऊ लागला की धूप किंवा झीज, यातही 'माल हलला का?' एवढा प्रश्न पुरतो. शिलारस आणि लाव्हा यांच्यात फरक फक्त पत्त्याचा, जमिनीखाली की वर.

जाता जाता एक: भारदस्त शब्द फोडून दाखवा. श्लेषण म्हणजे जोडणं. संश्लेषण एकत्र जोडणं, विश्लेषण सुटं करणं. भवन म्हणजे होणं, म्हणून बाष्पीभवन, वक्रीभवन. मुलांना हा खेळ आवडतो. पण नेहमी चालत नाही, आणि 'प्रजाती'पाशी तर उलटतो. सजीवांच्या वर्गीकरणात जाती ही सर्वांत लहान पायरी आणि प्रजाती तिच्या वरची, तर बातम्यांमध्ये जातीलाच सर्रास प्रजाती म्हणतात. तिथे पुस्तकाप्रमाणे लिहायचं आणि पुढे जायचं.

यादी हवीच असेल तर मुलीच्या स्वतःच्या पाठ्यपुस्तकातून, तिच्याच हाताने, धडा संपला की. दोन पुस्तकांत एकाच गोष्टीला दोन शब्द दिसले, जसं संघनन आणि सांद्रीभवन, तर दोन्ही एका ओळीत लिहायचे. वाद पडला तर मराठी विश्वकोश किंवा भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत. ते मुलांसाठी लिहिलेले नाहीत, त्यामुळे तिच्या हातात देऊ नका, तुम्ही पाहा. माझी यादी मात्र कृपया मागू नका. दुरुस्त केलेली प्रतही मी कुणाला देत नाही, कारण त्यात अजून काय दडलंय याची मला खात्री नाही.

आणि ती ज्या प्रश्नाला गप्प बसली, तो इथे शब्दशः लिहाल का? तिने तोंडातल्या तोंडात काही उत्तर दिलं असेल तर तेही, चुकीचं असलं तरी.