वाचक विचारतात : बंद कळ आणि उंदराची तलफ

प्रश्न : उंदीर काही बोलत नाही. मग त्याला कोकेनची तलफ आली हे शास्त्रज्ञांना कळतं कसं? (विज्ञान शिक्षक, सांगली)

तलफ दिसत नाही. दिसते ती तिच्यापायी चाललेली धडपड, आणि मोजली जाते तीच. रॅटला भूल देऊन त्याच्या मानेतल्या शिरेत सिलिकॉनची बारीक नळी बसवतात आणि तिचं दुसरं टोक पाठीवर, दोन खांद्यांच्या मधून बाहेर काढतात. (मराठीत रॅटही उंदीर आणि माऊसही उंदीर, पण माऊसची शीर इतकी बारीक की नळी टिकवताना नाकी नऊ येतात.) पाच-सात दिवस जखम भरू द्यायची. मग दोन कळा असलेली पेटी. खरी कळ दाबली की पंप काही सेकंद चालतो आणि कोकेनचा ठरलेला डोस, बहुधा वजनाच्या किलोमागे ०.५ ते १ मिलिग्रॅम, रक्तात जातो. त्याच क्षणी दिवा लागतो, सूर वाजतो. पुढची २० सेकंदं कितीही दाबलं तरी काही मिळत नाही. नाहीतर डोसावर डोस जाऊन प्राणी दगावायचा. दुसरी कळ खोटी, ती दाबून काहीच होत नाही.

आठ-दहा दिवसांत उंदीर तरबेज होतो. मग कोकेन बंद करतात. दिवा नाही, सूरही नाही. पहिल्या दिवशी तो जोरात दाबत सुटतो, नंतर हळूहळू नाद सोडतो. दाबणं पूर्वीच्या पाव हिश्श्याच्या खाली आलं की शिकवलेलं ‘विझलं’ असं धरतात. आता खरी परीक्षा : एक लहान डोस टोचायचा, किंवा दिवा-सूर परत आणायचे, किंवा पायाला सौम्य विजेचे झटके देऊन ताण द्यायचा. तिन्हींपैकी काहीही केलं तरी तो पुन्हा त्याच कळेवर येतो, आणि कळेतून कोकेन येत नसतानाही दाबत राहतो. त्या फुकटच्या दाबण्यांची संख्या हेच तलफेचं माप. टोचलेल्या डोसाने हे घडतं, हे द विट आणि स्ट्युअर्ट या संशोधकांनी १९८१मध्ये दाखवलं.

प्रश्न : आकडे विश्वासार्ह नाहीत हे केव्हा ओळखावं? (एम.फार्म., अमरावती)

आधी खोटी कळ बघा. दोन्ही कळांचे आकडे सोबतच वाढले असतील तर ती तलफ नव्हे, नुसता चळवळेपणा. कोकेनचा डोस टोचून परीक्षा घेतली की हा घोळ हमखास होतो, कारण कोकेनने उंदीर एरवीही धावतच सुटतो.

दुसरा संशय नळीवर घ्या. ती तुंबली किंवा गळू लागली की उंदीर दोन-तीन दिवस जास्त दाबतो आणि मग एकदम गार पडतो. आलेख पाहणाऱ्याला वाटतं, व्यसन वाढलं आणि सुटलं! म्हणून नळी रोज हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) सलाइनने धुवावी, त्यात जंतुनाशक जेंटामायसिन असावं. शिकवणं संपलं की नळीतून अगदी अल्पकाळ टिकणारी भूल द्यावी. काही सेकंदांत उंदीर ढिला पडला नाही, तर त्याचे आकडे बाद.

पंपाचा आवाज लोक विसरतात. उंदराच्या कानाला तोही इशाराच असतो. विझवण्याच्या काळात पंप वाजू द्यायचा की नाही हे आधीच ठरवा आणि सगळ्या उंदरांना एकच नियम लावा.

प्रश्न : भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन दोन महिने झाले. आता धोका टळला म्हणायचा का? (बार्शी)

नाही, आणि याचं एक कारण उंदरांतच सापडलं. २००१मध्ये ग्रिम, शहाम आणि सहकाऱ्यांनी उंदरांना दहा दिवस कोकेनची सवय लावली आणि मग वेगवेगळ्या गटांना पहिल्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंत निरनिराळ्या टप्प्यांवर तपासलं. अपेक्षा अशी की दिवसागणिक ओढ कमी व्हावी. झालं उलटं : कोकेनविना जितके दिवस जास्त, तितकं कळ दाबणं जास्त. तलफ जणू मुरत गेली. नंतरच्या प्रयोगांत ती सहा महिन्यांनी उतरलेली दिसली.

माणसातही असा आकार दिसतो. २०१६मध्ये परवाझ आणि सहकाऱ्यांनी कोकेन सोडलेल्यांना कोकेनची चित्रं दाखवून मेंदूचे विद्युतलहरी-आलेख काढले. कोकेन सोडून दोन दिवस झालेल्यांच्या मानाने एक आणि सहा महिने झालेल्यांत मेंदूची प्रतिक्रिया अधिक होती. तोंडाने मात्र जास्त दिवस झालेली माणसं ओढ कमी असल्याचंच सांगत होती. तेव्हा भाऊ ‘मी ठीक आहे’ म्हणतो ते प्रामाणिक असेलही, तरी जुना कट्टा आणि जुनी पाकिटं अजून काही महिने दूरच ठेवा, आणि केंद्रातल्या पाठपुराव्याच्या भेटी चुकवू नका.

प्रश्न : आमच्या कॉलेजात असा प्रयोग करता येईल? (बी.फार्म., लातूर)

कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी. मॉर्फिनसारखा पदार्थ असेल तर अमली पदार्थ कायद्याखालचा परवानाही. शिरेतली नळी सोडा. दोन खोल्यांची पेटी घ्या, भिंतींचे रंग आणि जमिनीचा पोत वेगळा. एक दिवस पदार्थ देऊन एका खोलीत, दुसऱ्या दिवशी सलाइन देऊन दुसऱ्या खोलीत, प्रत्येकी अर्धा तास. शेवटी दार उघडून १५ मिनिटं कुठे किती वेळ थांबतो ते मोजा. पदार्थाच्या खोलीत तो आधीपेक्षा जास्त रेंगाळला तर ती ओढ. पण सुरुवातीला, काहीच न देता, एकदा नक्की मोजा : उंदराला अंधारी खोली मुळातच आवडते. आणि दारूवरचा प्रयोग असेल तर पेटी स्पिरिटने पुसू नका.